पेपरातलं गाव

कुर्डुवाडीहून सोलापूरला जाणारी एसटी यायला अवकाश होता, म्हणून बब्रुवाननं फाट्यावरच लेकीची शेवटची उजळणी घ्यायला सुरुवात केली.

"शरणबसप्पा?"

"पार्सिमोनियस. कंजूष," शिवरंजनी म्हणाली.

"मल्लेश?"

"टॅसिटर्न. अबोल."

"बानूबाई?"

"गॅर्युलस. बडबडी."

बब्रुवानला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण उत्तर झटक्यात आलं की तो मान डोलवायचा. आज मान थांबतच नव्हती.

मागच्या दोन्ही भरत्यांना शिवरंजनीला इंग्रजीच्या अवघड शब्दांनीच बुडवलं होतं. पाठ केलेला शब्द दुसऱ्या दिवशी चहा उतू जायच्या आत उडून जायचा. शेवटी तिनं एकेक शब्द गावातल्या एकेका माणसाला चिकटवून टाकला. माणसं पक्की होती. शरणबसप्पा दुकानात गूळ तोलताना गिऱ्हाइकाला तोंड फिरवून उभं करायचा. त्याचा श्वास मापावर पडला तर गुळाचा खडा जास्त जाईल म्हणून. मल्लेशचा गोठा पेटला तेव्हा त्यानं आरडाओरडा केला नाही, शेजाऱ्याला हाताला धरून आणलं आणि बोटानं दाखवलं. आणि बानूबाईला रस्ता विचारायला थांबलेला एक पाहुणा तिचं बोलणं संपेना म्हणून गावातच राहिला. आता मतदारयादीत त्याचं नाव आहे.

असं सगळं गाव शिवरंजनीनं पाठ केलं होतं. आता चुकून चालणारही नव्हतं. वयाची मर्यादा यंदा संपत होती. दुपारी सोलापूरला हा पेपर झाला की तिच्यासाठी पुन्हा कुठलाच पेपर नव्हता.

तेवढ्यात शरणबसप्पा लगबगीनं आला आणि त्यानं पेढ्यांनी भरलेली पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

"खा पोटभर. तोलले न्हायत."

शिवरंजनी बघतच राहिली. "काका, एवढे? किती द्यायचे?"

"पैशाचं नाव काढू नगं."

मागून बानूबाई आली. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, कानशिलावर बोटं मोडली आणि गप्प उभी राहिली.

"मावशी, बोला की काहीतरी."

बानूबाईनं मान हलवली. गळ्याची शीर टरारून फुगली होती, पण तोंडातून शब्द फुटू दिला नाही.

आणि मग मल्लेश आला. आला तो बोलतच. "पेन दोन घेतले का? पाण्याची बाटली? खिडकीला बसू नगं, वारं लागतं. येत न्हाय त्या सवालापाशी घुटमळू नगं, म्होरं जायचं. आमचा थोरला मामा घुटमळला आणि..." चाळीस वर्षांचं साठलेलं असावं, तसं ते धो धो वाहत होतं.

शिवरंजनीचा चेहरा पांढरा पडला.

"नाना, काय चाललंय हे?"

बब्रुवाननं टोपी काढली, पुन्हा घातली. "म्या हाटेलात बोललो व्हतो काल. म्हणलं, तुमी समदे आमच्या पोरीच्या पेपरात हाय. मग त्यांनी इचारलं, कोण काय म्हणून हाय. मंग सांगितलं."

"चांगलं केलं सांगितलंस," शरणबसप्पा म्हणाला. "आमाला तरी कसं कळावं? पोरी, पेपर तपासाया मोठं सायेब असत्यात म्हणं. त्येंच्या म्होरं आपलं गाव असं दिसावं व्हय? कंजूष, बडबडं, मुकं? म्हणून आमी तिघांनी ठरवलं. आजच्या दिस तरी नीट वागायचं."

"काका, पेपरात तुमची नावं नसतात हो!"

"असूं दे की. तुझ्या डोक्यात तर हाय ना?"

तेवढ्यात एसटी आली.

बापलेक खिडकीजवळच्या सीटवर बसले. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत बब्रुवाननं घाईघाईनं विचारलं, "शरणबसप्पा?"

तिनं डोळे मिटले. "दिलदार," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "नाही, नाना. थांबा. प... प..."

"बरं, ऱ्हाऊ दे. बानूबाई?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बानूबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती. एक शब्दही सांडू नये म्हणून. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मात्र तिला अडवता आलं नव्हतं.

"मल्लेश? मल्लेश तरी सांग, रंजे. सोपा हाय त्यो."

मल्लेश खिडकीखालून बोलत होता. उन्हाबद्दल, सोलापूरच्या स्टँडबद्दल, कुठल्या रिक्षात बसू नये त्याबद्दल. शिवरंजनीनं दोन्ही कानांवर हात दाबले. ओठ हलत राहिले, पण शब्द येईना. बब्रुवानची मान आता हलत नव्हती.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही कशाला हो सांगितलंत?"

बब्रुवाननं तोंड दुसरीकडं फिरवलं.

घंटी वाजली. एसटीनं धूर सोडला आणि हलली. तशी शिवरंजनी सीटवरून उठली, कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकली आणि घसा फुटेस्तोवर ओरडली, "काका! पेढ्यांचे पैसे मागा! शरणकाका, एकदाच मागा हो माझ्याकडं!"

शरणबसप्पानं छातीवर हात ठेवला, भरल्या डोळ्यांनी हसला आणि मोठ्या मनानं नकाराची मान हलवली.