मिठागराची पिकअप

कुंदन मिस्त्रीने थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, पंख्याचा पट्टा ताणून पाहिला. मग तो एकटाच नेरूळपर्यंत चक्कर मारून आला, तर तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. गाडीमालक कान्हादादांना घेऊन गेला, तेव्हाही नाही. त्यांचा धाकटा भाऊ हरेश शेजारी बसला, आणि गल्लीच्या तोंडाशीच काटा लालवर चढला.

"हरेशशेठ, तुमचा वजन म्हाताऱ्या गाडीला झेपत नाय," कुंदन म्हणाला.

हरेश हसला. कान्हादादा हसले नाहीत. बाबांनी आयुष्यभर याच पिकअपमधून आपल्या मिठागराचं मीठ वाहिलं होतं. काल त्या मिठागरात कुणीतरी जमीन मोजणीच्या खुंट्या ठोकून गेलं होतं.

गाडी निवल्यावर कुंदनने रेडिएटरचं झाकण काढलं. सकाळी त्याने स्वतः नळाचं पाणी भरलं होतं. झाकणाला आतून पांढरं काही धरलं होतं. त्याने बोट जिभेला लावलं.

"दादा, मीठ हाय."

कान्हादादा किल्ली काढून घेऊन आत बसले. हरेशला त्यांनी शेजारी बोलावलं.

"मिठागर कुनाला दिलास?"

"काय बोलतस दादा? तुझ्या सहीशिवाय कसा देनार?" हरेशने डॅशबोर्डवर हात ठेवला. "बाबांच्या गाडीची शपथ. मी कागदाला हात नाय लावला."

किल्ली कान्हादादांच्या मुठीत होती. बंद गाडीत काटा हळूहळू वर सरकला, लालच्या पुढे गेला, आणि बॉनेटखाली पाणी खदखदायला लागलं.