बंपर कुणी फोडला

तडा आतल्या बाजूनं जोडावा लागतो, म्हणून तिनं बंपर गाडीवरून सोडवून अंगणात जुन्या चादरीवर पालथा घातला होता. क्लिपा निघता निघेनात. दोन तुटल्या, एक उडून कुंडीमागं गेली. एका कोपऱ्यात प्लास्टिक आत चेपलं होतं आणि तिथूनच वीतभर फाटलं होतं. उकळतं पाणी ओतून तिनं ते मऊ केलं, हाताला फडकं गुंडाळून आतून रेटलं. फट् करून कोपरा जागेवर आला.

मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती तडा साफ करू लागली. तड्यात लाल रंगाचे कण अडकले होते. गाडी पांढरी, लाल रंग शेजारच्या छोटीच्या तीनचाकी सायकलचा.

काल बाबांनी गाडी बाहेर काढली आणि ब्रेक समजून भलतंच दाबलं. छोटी नेमकी पाणी प्यायला घरात गेली होती, म्हणून वाचली. तिची आई धावत बाहेर आली. वेडीवाकडी झालेली सायकल उचलून तिनं बाबांच्या फाटकाशी आणून ठेवली आणि दार लावून घेतलं. सायकल अजून तिथंच होती.

बाबांचा जन्म गाडी शिकवण्यात गेला होता. या भागातल्या निम्म्या लोकांच्या हातात स्टीअरिंग त्यांनीच दिलं होतं.

पायरीवर चपला वाजल्या. बाबा बाहेर आले आणि बंपर बघून थबकले.

"हे काय गं ठमे? बंपर कुणी फोडला?"

ठमीचा ब्रश थांबला. काल दुपारी त्यांनी हेच विचारलं, तेव्हा तिनं खरं ते सांगितलं होतं. बाबा मटकन खाली बसले होते. "पोर कुठाय? पोरीला लागलं का?" म्हणत लहान मुलासारखे रडले होते. संध्याकाळी तोंड धुऊन आले आणि पुन्हा तोच प्रश्न. तिनं पुन्हा सांगितलं, ते पुन्हा तसेच कोसळले. आज सकाळी चहा घेताना पुन्हा. दरवेळी बातमी त्यांना नवीनच होती.

"मी फोडला," ती मान वर न करता म्हणाली.

"तू?" बाबा बादली पालथी घालून तिच्याजवळ बसले. "रिव्हर्स घेत होतीस?"

"नाही. पुढं."

"मग पाय चुकला. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबलास."

"हो."

"कुणाला लागलं तर नाही ना?"

"नाही, बाबा."

"मग सुटलो." त्यांचा चेहरा सैल पडला. कालपासून तो तिला असा दिसलाच नव्हता. "टाच खाली टेकलेली ठेवायची. पाय उचलायचा नाही, नुसता वळवायचा. हा ब्रेक. हा ॲक्सिलरेटर. बघ." फरशीवर त्यांचं पाऊल अलगद इकडून तिकडं वळत होतं. जरासुद्धा चुकत नव्हतं.

तिनं तड्यावर तारेच्या जाळीचा तुकडा ठेवला आणि तापलेल्या सोल्डरिंग गननं तो प्लास्टिकमध्ये दाबू लागली. जाळी वितळत्या प्लास्टिकमध्ये रुतत गेली. घाण वासाचा धूर निघाला. डोळ्यांतून पाणी यायला धुराचं निमित्त झालं, पण धूर विरला तरी ते थांबेना. अखेर तिनं गन बाजूला ठेवली आणि कोपरात तोंड खुपसलं.

बाबांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. मग उठले. शर्टाची कॉलर नीट केली.

"अहो, रडू नका," ते म्हणाले. "शिकताना सगळ्यांकडून होतं असं."

तिनं झटकन वर पाहिलं. बाबांच्या डोळ्यांत माया होती, पण तीच, जी कुठल्याही नव्या शिकणाऱ्यासाठी असायची.

"घरी वडील रागावतील म्हणून घाबरलात ना? फोन लावून द्या, मी बोलतो त्यांच्याशी. चूक माझी होती म्हणून सांगतो. शिकवायच्या गाडीत दुसरा ब्रेक माझ्या पायाशी असतो. मी दाबायला हवा होता."

तिनं गनचं बटण बंद केलं.

"ते नाही रागवायचे," ती म्हणाली. "कधीच रागावले नाहीत."

"मग रडताय कशाला?"