पाण्यातले देव

माझ्या नवऱ्याला चाकणच्या कंपनीत परमनंटची ऑर्डर मिळावी म्हणून सासूबाईंनी देव पाण्यात घातले होते. रांगत्या बाळकृष्णासकट सगळे देव पातेल्यात. ऑर्डर आली की बाहेर काढून पूजा करायची, असं त्या बोलल्या होत्या. ऑर्डर आलीच नाही. ह्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं परमनंट झाली आणि काल ह्यांना ब्रेक देऊन घरी बसवलं.

माझं डोकंच फिरलं. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, काढा ते देव आणि द्या माळ्यावर टाकून! एवढे उपास केले, काय मिळालं?"

"न्हाई काढायचं," आत्या म्हणाल्या. "आमी बुडालो न्हवं? मग त्येंनी बी बसावं बुडून. मी बी बघते, कुटवर बसत्यात ते."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, देवावर रागावण्यात का होईना, आमचं दोघींचं एकमत झालं. संध्याकाळी घरात दिवासुद्धा लागला नाही.

पहाटे उठले, तर आत्या ओट्यापाशी उभ्या होत्या. देवांच्या पातेल्यात गरम पाणी हळूहळू ओतत होत्या आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं कोपर बुडवून बघत होत्या.

"आत्या, हे काय? तुमचं तर भांडण चाललंय ना देवाशी?"

"मंग? भांडान हाय म्हनून काय झालं?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "गारठा किती पडलाय बघ की. रांगतं पोर हाय त्यात."