जनूची बैठक

खारेपाटातल्या आमच्या सप्ताहाला रोह्याचे बुवा आले होते. कीर्तन रंगात आलं तरी गावची पोरं मांडवभर धावत होती. ठमाबाईचा अडीच वर्षांचा नातू जनू तेवढा पुढ्यात बसून टाळ्या वाजवत होता.

बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्याला घातला. "अशी बैठक मोठ्यांना नाय जमत, गो माय."

"माळकऱ्याचं घर हाय, बुवा," ठमाबाई सुखावली. "अंगणवाडीच्या बाई सांगतात, मासळी द्या, अंडं द्या. मी निस्त्या पेजेवर वाढवलाय त्याला."

 

आरतीला सगळा मांडव उभा राहिला. बुवांनी जनूला हात धरून उठवलं, तसे त्याचे काडीसारखे पाय मुडपले आणि ठमाबाई हळूच म्हणाली, "राहू द्या, बुवा. तो आरती बसूनच करतो."