लाफाएलेकडचा पाहुणा

हे तुम्हाला पटणार नाही. आजवर एकालाही पटलेलं नाही. मागे चटई विणत बसलेली मोएलागी आत्तापासूनच मान हलवतेय, तिच्याकडे बघू नका. ऐका.

गुरुवारच्या बसने योस्ट नावाचा एक गोरा पोरगा सवाईई बेटावरच्या या गावात उतरला. पाठीवर पिशवी, उन्हाने सोललेलं नाक. लाफाएले रस्त्यातच भेटला. बोटीवर नोकरी करून आलेला माणूस, चार भाषा बोलणारा.

"हॉटेल कसलं शोधतोस? आमच्याकडे राहा. सोमवारी बस येईल, तोवर तू आमचा पाहुणा."

घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. मधोमध चटईवर योस्टला बसवलं आणि पुढ्यात ताट आलं. मासा, भाजलेला नीरफणस, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. ताट एकच.

"तुम्ही?" त्याने विचारलं.

"तू जेव," लाफाएले म्हणाला.

त्याची थोरली लेक, हीच मोएलागी, शेजारी बसून माशा वारत होती. धाकटी पाच भावंडं खांबांना टेकून बघत होती. योस्टचा हात तोंडाकडे गेला की त्यांचे डोळे हाताबरोबर जायचे.

ताटात टाकलं तर ही माणसं चिडतील, म्हणून त्याने शेवटचा घासही संपवला. मोएलागीने रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग बापाकडे.

शुक्रवारी ताट मोठं झालं. आख्खी कोंबडी. योस्टने हाडंसुद्धा चोखली. सगळ्यात धाकट्याने आवंढा गिळला. पलीकडे चुलीच्या खोपटात लाफाएले आणि त्याची बायको बराच वेळ कुजबुजत होती.

शनिवारी दोन कोंबड्या. मोएलागीने त्याच्या पोटाकडे रोखून पाहिलं. "अजून जागा आहे?"

"आहे," तो घाबरत म्हणाला.

"बाबा, अजून जागा आहे म्हणतोय!"

कुणी हसलं नाही.

तीन दिवसांत त्या घरातल्या एकाही माणसाने त्याच्यासमोर घास खाल्ला नव्हता. ही भूक कशासाठी राखून ठेवलीय, हा विचार डोक्यात आला आणि योस्टने गुपचूप पिशवी उचलली. तेवढ्यात शंख वाजला. प्रार्थनेची वेळ, तेव्हा रस्त्यावर फिरायची बंदी. रस्त्यावर काठ्या घेतलेले बाप्ये उभे राहिले.

"लाफाएलेचा पाहुणा ना तू? आत जा," एकजण म्हणाला. मग त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून हसला. "चांगला भरलायस की!"

रविवारी सकाळी लाफाएले दगडावर सुरी घासत होता. बाजूला खड्ड्यात दगड तापून लाल झाले होते. खड्डा माणूस मावेल एवढा. पोरं भोवताली उकिडवी बसलेली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खिदळत होती.

"आज काय आहे?" योस्टने विचारलं.

"आज पोरंही जेवणार," लाफाएले म्हणाला. सुरीची धार त्याने अंगठ्यावर पाहिली. "इकडे ये जरा."

योस्ट पळाला. पिशवी टाकली, चपला टाकल्या, थेट समुद्रात उडी. मागे सारं गाव ओरडत काठापर्यंत आलं. दोन दिवस तो पोहत होता. त्याचं पोट बघून शार्कसुद्धा आशेने बरोबर निघाले, एकाने टाच चाखून पाहिली. पण गडी पलीकडच्या बेटाला लागला. त्या दिवसानंतर त्याला इथे कुणीही पाहिलेलं नाही.

"खोटं!" मोएलागीने चटई भिरकावली. "गुडघाभर पाण्यात रडत उभा होतास! पाहुण्याने उरवायचं आणि मग आम्ही जेवायचं, ही आमची रीत. आणि तू मेल्या तीन दिवस ताट चाटूनपुसून ठेवत होतास! आम्ही सहा भावंडं खोपटात उकडलेली केळी गिळत होतो. तुझं पोट एकदाचं भरावं म्हणून बाबांनी घरातलं शेवटचं डुक्कर कापायला काढलं होतं, योस्ट!"