दार लावून घेतलेली हवा

शुद्ध हवा हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. मंगळवार पेठेत तो बजावायचा तर आधी खोलीचं दार लावावं लागतं, आणि भरदिवसा दार लावलेलं दिसलं की पेठ चौकशीला येते.

शाळेची बस चालवणाऱ्या जोतीरामला चार महिने ॲलर्जीची सर्दी होती. शिंक आली की डोळे मिटायचे. गोळी घेतली की जास्तच मिटायचे. परवा सिग्नलला डुलकी लागली, तेव्हा मागच्या पोरांनी त्याला उठवलं. शाळेनं सांगितलं, सोमवारपासून गोळी नको आणि शिंकाही नकोत, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो. म्हणून हवा गाळायचं मशीन आलं. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "थोडा फरक पडेल. पण दार-खिडक्या बंद पाहिजेत."

रविवारी जेवून त्यानं दार लावलं. मशीनचा दिवा हिरवा झाला. पाचव्या मिनिटाला समोरच्या बनाबाई आल्या. मिरची कांडपावरनं थेट, पदराला तिखट तसंच.

"शालूबाई, दार का वो लावलंय? भांडलासा काय?"

"भांडायला ताकद कुठाय. ह्यांच्या शिंकांवर मशीन आणलंय," म्हणत बायकोनं दार उघडून दाखवलं.

दिवा लाल झाला. जोतीराम सात वेळा शिंकला.

"लाल झालं म्हंजे वढतंय बघा," बनाबाई म्हणाल्या. "थांबा, आमच्या मालकास्नी बलिवते."

तासाभरात खोलीत नऊ माणसं झाली, आणि चहा.

"दार तेवढं लावा की," जोतीराम नाक पुसत म्हणाला.

"लावतो की," बनाबाईंचे मालक गणपतराव म्हणाले. "सगळी आत आली की लावतो."

जोतीराम वाद घालण्याच्या पलीकडं गेला होता. त्यानं मशीन उचललं, बाहेरच्या सोप्यात स्टुलावर ठेवलं आणि चालू केलं. माणसं मशीनमागं गेली. खोलीत तो एकटा उरला. त्यानं कडी लावली. या वेळी कुणी काही विचारलं नाही.

उठला तेव्हा दिवेलागण झाली होती. नाक मोकळं होतं. बाहेर आला, तर बनाबाई नव्या मंडळींना सांगत होत्या, "गुण आला बघा. दोन तास झालं, एक शिंक न्हाय."

सगळ्यांनी जोतीरामकडं पाहिलं. सोमवार उद्यावर आला होता. त्यानं होकारार्थी मान हलवली.

तिघांनी दुकानाचा नंबर लिहून घेतला.