सुनेची अन्य भाषा

मंजुळाबाई जळगावच्या जुन्या मिशन चर्चमध्ये वाढलेल्या. तिथं प्रार्थना कशी, तर हळू आवाजात आणि शुद्ध मराठीत. सून रोशनी आली ती धुळ्याच्या फेलोशिप नावाच्या नव्या पंथातली. रोज सकाळी भाकरी थापून झाल्या की ती ओट्याजवळच गुडघे टेकायची आणि पवित्र आत्म्यानं दिलेल्या अन्य भाषेत, म्हणजे कुठल्याच मुलखात न बोलल्या जाणाऱ्या शब्दांत, प्रार्थना सुरू करायची. त्यातलं अक्षरही मंजुळाबाईंना कळायचं नाही. मधला हुंदका मात्र बरोबर कळायचा, कारण आदल्या दिवशी दोघींचं भाजीच्या मिठावरून वाजलं असेल तरच तो यायचा.

एकदा त्यांनी बायबलातलं पौलाचं पत्रच सुनेपुढं धरलं. "वाच. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसायचं."

"चर्चच्या सभेत गप्प बसायचं, आई. देवाशी बोलायला मोकळीक आहे. पुढचं वाचा ना."

मंजुळाबाईंनी पुढचं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

रविवारी त्या फेलोशिपच्या जळगावातल्या शाखेत, पिंप्राळ्याच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत हजर. तिथले पास्टर हरखलेच. "अक्का, तुमचाही अन्य भाषेवर विश्वास बसला तर!"

"विश्वासाचं मागून पाहू. आधी मले ती भाषा शिकवा. दोन महिन्यांपासून वर एकट्या तिचंच म्हणणं जाऊन राहिलं."

पास्टरना हसू आवरेना. "मग तुम्ही मराठीत सांगा की. देवाला मराठी समजते."

"देवाले समजते हो," मंजुळाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण तिलेबी समजते ना!"